'गुड' म्हणजे चांगला नव्हे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि आज सरळसरळ भांडायला बसले आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते आमचे धाकटे भाऊजी हा ब्लॉग नेमाने वाचतात (प्रतिक्रिया देत नाहीत, फोन करतात), त्यामुळे उत्तर इथेच देते. फोनवर ते मला बोलू देत नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याला माझ्या नातीचा साखरपुडा झाला. कार्यालयात बायकांचा घोळका जमला की साड्यांनंतर दागिन्यांवर गाडी येणारच, तशी ती आली. नातीच्या उजव्या हातात मी तिला २०२२ च्या दिवाळीत दिलेली हिऱ्याची अंगठी होती. ती पदवीधर झाली म्हणून दिलेली. माझ्या आईच्या दोन पाटल्यांपैकी एक मोडून घेतली होती. शेजारी तिची ऑफिसातली मैत्रीण उभी होती, तिच्याही बोटात हिऱ्याची अंगठी. मी साधारण दहा फुटांवर खुर्चीत बसले होते, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेल्या माझ्या डोळ्यांना तिथून स्पष्ट दिसत होतं की त्या मुलीचा हात हलला की खडा पेटतो आणि माझ्या नातीचा हात हलला की... काही नाही. एक पांढरट चमक, मध्ये काळपट ठिपका. पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर ओल धरते ना, तसा.

कुणीतरी विचारलंच, "केवढ्याचा गं?" मुलगी मोकळेपणाने म्हणाली, "काकू, लॅबचा आहे. फार महाग नाही." आणि जी किंमत तिने सांगितली ती ऐकून मला पाटली आठवली.

माझा चेहरा बघून भाऊजी म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तुमचा अस्सल आहे, खाणीतला. चांगला अर्धा कॅरट आहे. हिऱ्यात वजन बघायचं असतं. चमक काय, काचही चमकते."

ह्या शेवटच्या दोन वाक्यांवर आजचा लेख आहे.

घरी आल्यावर आधी मला वाटलं, अंगठी मळली असेल. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. कणीक मळली, डोक्याला तेल लावलं, साबण नीट धुतला गेला नाही, की खालच्या बाजूने थर बसतो आणि हिरा मंद होतो. नातीकडून अंगठी मागून घेतली, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवली, मऊ ब्रशने खालून घासली. आमचा जुना सोनार असंच करायचा. थोडा फरक पडला. काळा ठिपका जागचा हलला नाही.

मग कपाटातून तिचा कागद काढला. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हो, ज्याला दुकानात सगळे 'सर्टिफिकेट' म्हणतात आणि जे दाखवताना दुकानदाराचा आवाज पुजाऱ्यासारखा होतो. वजन ०.५१ कॅरट. रंग जी. निर्मळता व्हीएस टू. आणि त्याखाली कट : गुड.

तीन वर्षं हा कागद माझ्या कपाटात होता आणि मी खुशीत होते, कारण 'गुड' म्हणजे चांगला. एवढं इंग्रजी मला येतं. आता नातीने मोबाइलवर शोधून दाखवलं. हिऱ्यांच्या परीक्षणात अमेरिकेतली जीआयए ही संस्था जगभर प्रमाण मानली जाते. गोल हिऱ्याच्या पैलूंना तिच्याकडे पाच श्रेणी आहेत. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे 'गुड' ही पाचांतली तिसरी! वर दोन, खाली दोन, ही मध्ये. आणि शेवटच्या दोन श्रेणींचे हिरे बऱ्या दुकानांत सहसा दिसतही नाहीत, म्हणजे व्यवहारात 'गुड' हा वर्गातला शेवटच्या बाकावरचा.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मराठी आणि इतिहास. प्रगतिपुस्तकात जे मूल जेमतेम पास होतंय त्याच्यापुढे मी 'बरा' लिहायचे आणि जे अगदीच मागे त्याच्यापुढे 'प्रयत्न आवश्यक'. पालकाला कळायचं. एका वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, पालक नाराज होतात, 'बरा'च्या ऐवजी 'चांगला' लिहा. लिहिलं. त्या वर्षी एक वडील पेढे घेऊन आले होते. त्यांचा मुलगा तीन विषयांत काठावर होता आणि मी त्यांना ते सांगू शकले नाही. त्या पेढ्याची चव मला परवा प्रमाणपत्र वाचताना आठवली. आपण दुसऱ्याला जे करतो ते कधी ना कधी आपल्याकडे कागदावर छापून येतं.

असो. दुकानात मी काय विचारलं होतं ते मला आठवतंय. रंग तीनदा विचारला. निर्मळता दोनदा विचारली, भिंगातून पाहिली, काही कळलं नाही तरी मान हलवली. वजन तर काट्यावर पाहिलं. पैलूंबद्दल एकच प्रश्न विचारला, "कटिंग बरंय ना?" समोरचा म्हणाला, "मॅडम, गुड आहे." तो खोटं बोलला नाही हो! म्हणून मी दुकानाचं नाव घेत नाही आणि कुणी फोन करून विचारू नका. कागदावर जे आहे तेच तो बोलला. फसवणूक माणसाने केली नाही, शब्दाने केली.

आता भाऊजी, तुमच्या 'वजन बघायचं असतं'कडे येते.

हिरा म्हणजे काय? कार्बन. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा सख्खा भाऊ. खाणीतून निघतो तेव्हा तो मळक्या तुरटीच्या खड्यासारखा दिसतो, रस्त्यात पडला तर तुम्ही उचलणार नाही. त्याचं तेज त्याच्या वजनात नसतं, तो प्रकाशाचं काय करतो त्यात असतं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे एक निवृत्त सर अजून इथे नाशिकमध्येच आहेत, त्यांच्याकडे जाऊन मी हे नीट समजून घेतलं. (त्यांनी चहाच्या आधी फळा शोधला.) आमच्या वेळी ज्याला वक्रीभवन म्हणत आणि आता पुस्तकात अपवर्तन म्हणतात, ते हिऱ्यात फार जोरदार असतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा दीडच्या आसपास, हिऱ्याचा २.४२. त्यामुळे हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाला बाहेर पडणं अवघड जातं. आतल्या पृष्ठभागावर तो जरा तिरका पडला, म्हणजे लंबाशी साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त कोन झाला, की तो बाहेर न जाता आतल्या आत परततो. हिऱ्याची सगळी जादू ह्या एका आकड्यात आहे.

पण जादू घडवावी लागते. गोल हिऱ्याला वर ३३ आणि खाली २४ असे ५७ पैलू असतात, कधी खालच्या टोकाला आणखी एक बारीक, म्हणजे ५८. वरून आलेला किरण खालच्या एका उतारावर आपटून समोरच्या उतारावर जायला हवा आणि तिथून वर, आपल्या डोळ्यांकडे यायला हवा. खालचे उतार नेमक्या कोनात असतील तरच हे होतं. उतार उथळ झाले की किरण खालूनच निसटतात आणि मध्यभागी कडेचं प्रतिबिंब गोल माशाच्या डोळ्यासारखं दिसतं. उतार फार खडे झाले, हिरा पोटात खोल झाला, की किरण दुसऱ्या उतारावरून गळून जातात आणि मध्यभाग काळा पडतो. धंद्यात त्याला खिळ्याचं डोकं म्हणतात. माझ्या नातीच्या बोटात अर्धा कॅरटचं खिळ्याचं डोकं आहे.

हे कोन कोणते असावेत ते मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या बेल्जियन तरुणाने १९१९ मध्ये लंडनहून छापलेल्या एका छोट्या पुस्तकात गणिताने मांडलं. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातला, तेव्हा वय जेमतेम विशीचं. वरचा उतार ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश, माथ्याचा सपाट पैलू व्यासाच्या ५३ टक्के. आता संगणकाने कळतं की ह्याच्या आसपास आणखीही काही सुंदर जोड्या आहेत, पण मूळ हिशोब शंभर वर्षांनीही खोटा ठरलेला नाही. म्हणजे सुंदर हिरा कसा कापायचा हे १९१९ पासून माहीत आहे. मग माझ्यासारखीच्या पदरात खिळ्याचं डोकं का पडतं?

मला वाटायचं, कारागिराच्या हातून चूक होत असेल. नाही! ही चूक नाही, हा हिशोब आहे. आणि माझा राग ह्या हिशोबावर आहे.

नीट समजून घ्या. कच्च्या हिऱ्याला गोल घडवताना निम्म्याहून जास्त माल घासला जातो, बऱ्याचदा. कच्चा माल वजनावर घेतलेला असतो आणि तयार माल वजनावर विकायचा असतो. हिऱ्याच्या भावाला पायऱ्या असतात. अमेरिकेतली रॅपापोर्ट नावाची भावयादी १९७८ पासून धंद्यात चालते, तिच्यात वजनाचे टप्पे आहेत. चाळीस ते एकोणपन्नास सेंटचा एक भाव, पन्नासपासून पुढे दुसरा, नव्वद ते नव्व्याण्णवचा वेगळा, एक कॅरटला पुन्हा उडी. (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. आणि कॅरट म्हणजे अवघे २०० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कमी.) भाव 'प्रति कॅरट' असतो, त्यामुळे ४९ चा ५० झाला की वाढलेल्या एका सेंटचेच नव्हे, सगळ्या पन्नासांचे पैसे वाढतात.

मग कच्चा खडा यंत्राखाली ठेवून त्याचा नकाशा काढतात. ह्यातून शेहेचाळीस सेंटचा सुंदर हिरा निघेल, किंवा पोट जरा खोल ठेवलं, कंबरेची कड जाड ठेवली, तर एक्कावन्नचा मंद हिरा निघेल. कोणता काढायचा? ज्याचे पैसे जास्त येतील तो. आणि एक्कावन्नचे पैसे जास्त येतात, कारण दुकानात माझ्यासारखी बाई 'अर्धा कॅरट आहे ना?' असं विचारते, 'जिवंत आहे का?' असं विचारत नाही.

माझ्या कागदावर मापं होती. व्यास ४.९५ मिलिमीटर, खोली ३.२१. म्हणजे खोली व्यासाच्या ६४.८ टक्के. चांगल्या घडणीत ती साठ-बासष्टच्या आसपास असते. सरांनी गणित मांडून दाखवलं की नीट घडवलेल्या हिऱ्याला एवढाच चेहरा मिळायला शेहेचाळीस सेंट पुरले असते. उरलेले पाच सेंट हिऱ्याच्या पोटात आणि कंबरेत आहेत, अंगठीच्या कोंदणाखाली, जिथे ते कधीच कुणालाही दिसणार नाहीत. त्यांनी हिरा मोठा दाखवला नाही, उलट त्याची चमक खाल्ली. आईच्या पाटलीतला एक तुकडा मी न दिसणाऱ्या पोटासाठी दिला आहे.

सुरतेच्या कारागिरांना मी दोष देत नाही, हे स्पष्ट लिहिते. जगातले बहुतेक हिरे आज आपल्याकडेच, मुख्यतः सुरतेत, पैलू पाडून घेतात. घंटीवर मान मोडून बसणाऱ्या त्या पोरांना पुष्कळ ठिकाणी नगावर मजुरी मिळते. खडा कसा घडवायचा ते त्यांच्या हातात येण्याआधीच ठरलेलं असतं. तोच कारागीर परदेशच्या ऑर्डरीला एक्सलंट घडवतो. हात तोच, हुकूम वेगळा.

आता मला सांगा, आपण कसल्या गोष्टींचे पैसे देतो? निर्मळता दहा पट मोठं करणाऱ्या भिंगातून ठरवतात. माझ्या हिऱ्याची व्हीएस टू ही श्रेणी म्हणजे भिंगातून दिसणारे बारीक दोष, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे. रंग ठरवताना तर हिरा उलटा, तोंड खाली करून ठेवतात, नमुन्याच्या खड्यांशेजारी. जी की एफ हे पिवळ्या सोन्यात बसवल्यावर तुमचा माझा डोळा सांगू शकत नाही. म्हणजे जे दिसत नाही त्याचे भरपूर पैसे आपण बिनतक्रार देतो, वर चारचौघांत सांगतो. आणि जे दहा फुटांवरून मोतीबिंदूवाल्या म्हातारीला दिसतं, ते विचारायचं सुचत नाही.

हा दोष फक्त आपला नाही. जीआयएने रंगाच्या आणि निर्मळतेच्या श्रेणी १९५० च्या दशकातच रूढ केल्या. पैलूंची श्रेणी तिच्या अहवालावर यायला २००६ उजाडलं, तीही फक्त गोल हिऱ्यांना. पन्नास वर्षं परीक्षेत मुख्य विषयाचा पेपरच नव्हता! अमेरिकेतल्या दुसऱ्या एका संस्थेने, एजीएसने, आधीच पैलूंना श्रेणी द्यायला सुरुवात केली होती, पण सर्वसामान्य गिऱ्हाईकापर्यंत ते पोचलं नाही. तोवर गिऱ्हाईकाच्या जिभेवर 'किती कॅरट' हाच प्रश्न बसलेला होता, आणि तो बसला तो बसलाच.

भाऊजींचं म्हणणं, "पूर्वीच्या लोकांना काय कळत नव्हतं का? आपल्या राजेरजवाड्यांनी वजनच जपलं." हे मात्र खरं आहे आणि मी इतिहास शिकवला आहे, तेव्हा टाळणार नाही. आपल्याकडे जुन्या रत्नपरीक्षेत आठ बाजूंचा, सहा टोकांचा, निसर्गाने दिलेला अखंड हिरा श्रेष्ठ मानला जाई. मुघलांच्या काळातही घडणारे मूळ आकाराला धरून, कमीत कमी घासत. ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सांगतो की औरंगजेबाच्या दरबारात त्याने पाहिलेला मोठा हिरा एका व्हेनिसच्या कारागिराने घासून घासून फार लहान केला, तर मजुरी मिळण्याऐवजी त्याला दहा हजार रुपये दंड झाला. त्या काळी हिरा अंगावर मिरवण्याइतकाच खजिन्यात ठेवायचा, नजराण्यात द्यायचा. तेव्हा वजन म्हणजेच सत्ता.

कोहिनूरचं बघा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला, लोकांनी रांगा लावल्या आणि निराश होऊन परतले. चमकतच नव्हता. मग १८५२ मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट ह्याच्या देखरेखीखाली ॲमस्टरडॅमहून कारागीर आणून तो पुन्हा घडवला. सुरुवातीला खडा चाकावर टेकवण्याचा मान ड्यूक ऑफ वेलिंग्टनला मिळाला. हाच तो आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. अडतीस दिवस काम चाललं. सुमारे १८६ कॅरटचा कोहिनूर १०५.६ चा उरला.

आणि आमच्या नाशिकचा हिरा! तो माझ्या वर्गातल्या प्रत्येक बॅचने ऐकला आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला, 'नासक' नावाने विकला गेला. तिथे जवाहिऱ्यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, पण आकार आणि वजन शक्य तेवढं राखून, ऐंशी कॅरटच्या आसपास. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टन ह्या अमेरिकन जवाहिऱ्याकडे तो आला आणि त्याने तो चौकोनी घडवून ४३.३८ कॅरटवर आणला. जवळजवळ निम्मा हिरा एका व्यापाऱ्याने तेजासाठी उडवला!

ह्यावर माझं मन एक नाही. त्र्यंबकराजाचा हिरा म्हणून विचार केला की कळवळतं. जे घासलं गेलं ते परत येत नाही, आणि दुसऱ्याची वस्तू घेऊन वर तिचा चेहराही बदलायचा, ह्याला माझ्याकडे चांगला शब्द नाही. पण भाऊजी, त्र्यंबकेश्वराचा हिरा वेगळा आणि काउंटरवर ट्रेमध्ये ठेवलेला एक्कावन्न सेंटचा वेगळा. माझ्या हिऱ्याला इतिहास नाही. कुणी त्याचं वजन श्रद्धेने राखलेलं नाही. भावाच्या पायरीसाठी राखलं आहे.

दुसरा मुद्दा, पुन्हा विकायला गेलं तर वजनच बघतात. मी गेले होते. साखरपुड्यानंतरच्या आठवड्यात, त्याच दुकानात. सोन्याच्या मोडीची सवय असलेल्या बाईला हिऱ्याची मोड म्हणजे काय ते एकदा अनुभवायला हवं. घट, घडणावळ सगळं जाऊनही पाटलीचे पैसे आले होते. इथे रोख परत नाहीच, बदलून घ्या, तेही कापून, आणि दुसरा त्यांच्याकडचाच. तिथल्या माणसाने हिरा भिंगाखाली धरला आणि पहिलं वाक्य बोलला, "मॅडम, ह्याचं कटिंग जरा हेवी आहे, त्यामुळे भाव कमी बसतो." बघा हं! देताना 'गुड', घेताना 'हेवी'. व्यापारी आपसात यादीच्या भावावर जी सूट देतात-घेतात, तीत पैलू पाहिले जातात. फक्त गिऱ्हाईकालाच 'वजन बघा' सांगायचं असतं. भाऊजी, तुमचा मुद्दा दुकानदारानेच खोडला, मी काही बोलायची गरज पडली नाही.

आणि 'तिचा खोटा, तुमचा खरा' हेही सोडून द्या. प्रयोगशाळेत घडलेला हिरा हाही कार्बनच, त्याचाही अपवर्तनांक २.४२ च. दुर्मिळ नाही, म्हणून त्याचा भाव गेल्या काही वर्षांत धडाधड पडला, ते खरं. पण कच्चा माल स्वस्त असल्याने तिथे सेंट सेंट वाचवण्यासाठी पोट खोल ठेवायचं कारण उरत नाही, म्हणून तो बहुधा नीट घडवलेला असतो. मग खाणीतल्या हिऱ्याने कशाच्या जोरावर मिरवायचं? करोडो वर्षं जमिनीत तयार झालेली वस्तू आपण पाच सेंटच्या लोभाने मंद करतो आणि मग लोक लॅबकडे वळले म्हणून रडतो.

एक सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी उलट टोकाला जाईल. पैलूंचंही वेड लावणारे आहेतच. 'तिन्ही एक्सलंट', खास दुर्बिणीतून हृदयं आणि बाण दिसतात, म्हणून इतके जास्त द्या, वगैरे. नीट घडवलेल्या दोन हिऱ्यांतला तो फरक साध्या डोळ्याला ओळखता येईलच असं नाही, त्यासाठी कर्ज काढू नका. आणि कागदावर एक्सलंट असला तरी हिरा डोळ्यांनी बघाच. दुकानातल्या त्या पांढऱ्या झोताखाली तर गारगोटीही लखलखेल. दिव्यांपासून दूर, खिडकीशी, नुसत्या दिवसाच्या उजेडात, हाताची सावली पाडून बघा. तिथे जो जिवंत राहतो तो हिरा. मी हे केलं नव्हतं. खुर्ची मऊ होती आणि त्यांनी कोल्ड कॉफी दिली होती.

सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे आहेत. बारीक बारीक खडे, सगळे मिळूनही अर्धा कॅरट होतील की नाही कोण जाणे, कुणी मोजले नाहीत. हाताने पाडलेले जुने पैलू, एकसारखेही नाहीत, माथा उंच, वरचा सपाट भाग लहान. विजेच्या आधीच्या काळातली घडण, समईच्या आणि कंदिलाच्या उजेडासाठी. गौरीच्या आरतीला जाऊबाई मान वळवतात तेव्हा त्यातून लाल-निळे ठिणगे उडतात. सासूबाई 'पाणी' म्हणायच्या, "ह्यांचं पाणी बघ." कॅरट हा शब्द त्यांना माहीत नव्हता.

तर आता निर्णय. सरांच्या ओळखीने मुंबईत हिरे पुन्हा घडवून देणाऱ्या एका माणसाला नातीने दाखवलं. तो म्हणाला, खालचा उतार सुधारता येईल, कंबर बारीक करता येईल, व्यास जवळजवळ तेवढाच राहील, काळा ठिपका जाईल. वजन पंचेचाळीस सेंटच्या आसपास उतरेल. म्हणजे अर्ध्या कॅरटच्या पायरीखाली. मजुरी, नवीन कागद, अंगठीचं कोंदण पुन्हा बसवणं, हे सगळे पैसे आमचे, आणि वर यादीप्रमाणे त्याचा भाव खालच्या टप्प्यात. भाऊजींना हे कळल्यावर त्यांचा रात्री साडेनऊला फोन आला. "पैसे देऊन वजन कमी करून घेणारे तुम्ही पहिलेच!" मी म्हटलं, तुमच्या सूनबाई जिमला पैसे देऊन दुसरं काय करतात? त्यावर त्यांनी फोन जाऊबाईंकडे दिला.

मी नातीला विचारलं, अंगठी तुझी, काय करायचं? पणजीची पाटली गेली आहे त्यात, वजन राखायचं असेल तर राख, मी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "आजी, कागद कपाटात असतो. अंगठी मी घालते."

मंगळवारी खडा तिने देऊन आली. पंधरा दिवस लागतील म्हणालाय. नवा कागद आला की कटची ओळ मी स्वतः वाचणार आहे, चष्मा लावून.